रिपोर्ट कार्डावर 'शाय' लिहिणं बंद करा

शाळांनी मुलांच्या रिपोर्ट कार्डावर 'शाय' हा शब्द लिहिणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इंदूरला सुदामा नगरात मी बरीच वर्षं घरी इंग्लिशची ट्यूशन घेते, पाचवी ते दहावीची मुलं येतात, बहुतेक मराठी घरांतली आणि काही हिंदी-माळवी बोलणाऱ्या घरांतली, आणि रिझल्ट लागले की आया कार्ड घेऊन येतात नि मार्कांच्या आधी बोट ठेवतात ते खालच्या रिमार्कवर. 'गुड बट शाय.' 'शाय, नीड्स टु ओपन अप.' 'शाय नेचर.' गणितात कमी पडले तर निदान कळतं तरी की अपूर्णांक कच्चे आहेत, भूमिती कच्ची आहे, इथे काय कच्चं आहे, कुणी काय करायचं, काहीच लिहिलेलं नसतं, फक्त पोरगी अशी आहे म्हणून सांगितलं आणि सही केली.

हा एक शब्द किती वेगवेगळ्या मुलांना चिकटवतात ते बघा. एक मुलगा असतो, त्याला उत्तर येतं, वहीत बरोबर लिहितो, पण वर्गात बोलायचं म्हणजे आधी डोक्यात मराठीत वाक्य तयार होतं, मग ते इंग्लिशमध्ये न्यायचं, क्रियापद कुठे टाकायचं ते ठरवायचं, आणि तोवर मॅडम पुढच्या बाकावर पोचलेल्या असतात. एक मुलगी मुळातच कमी बोलते, तिला दोन मैत्रिणी पुरतात, मधल्या सुट्टीत लायब्ररीत बसते आणि मजेत असते, तिला स्वतःला कसलाही त्रास नाही. दुसरीला बोलायचंय, मनापासून बोलायचंय, पण ज्या दिवशी स्पीच असेल त्या दिवशी सकाळपासून पोटात कळा, तळहात ओले, आणि घरचे म्हणतात शाळा बुडवायला नाटक करतेय. आणि खरगोनहून वडिलांच्या बदलीमुळे आलेला एखादा मुलगा, त्याला वर्गात अजून कुणी ओळखतच नाही तर तो बोलणार कुणाशी. चौघांच्या कार्डावर शेरा एकच. ताप आलेल्याला, पाय मुरगळलेल्याला आणि नुसत्या शांत बसलेल्या माणसाला एकच गोळी द्यावी तसं हे झालं.

आणि इंग्लिशमध्येसुद्धा हा शब्द नुसता स्वभावासाठीच वापरतात असं नाही. घोडा रस्त्यात काही बघून दचकला नि बाजूला सरला तर त्याला हेच क्रियापद आहे, फोटो काढून घ्यायला नको म्हणणारा तो कॅमेरा-शाय, कामचुकार तो वर्क-शाय, शंभराला दहा कमी पडले तरी 'टेन शाय ऑफ अ हंड्रेड' म्हणतात. म्हणजे कशाला बुजला, कशापासून लांब राहिला, कितीने कमी पडला, हे बरेचदा सोबत येतं. आपल्याकडच्या इंग्लिशमध्ये त्याचं 'शाय नेचर' झालं, म्हणजे स्वभावच तसा, पुढे बोलायचं कारण नाही. घरात आपण मराठीत बोलतो तेव्हा मात्र असं करत नाही. भिडस्त माणूस वेगळा, त्याला नाही म्हणता येत नाही, उसने दिलेले पैसे तो परत मागणार नाही, 'भीड भिकेची बहीण' ही म्हण त्याच्यासाठी आहे. बुजरं पोर वेगळं, नवीन माणूस आला की आईच्या मागे लपतं आणि अर्ध्या तासाने त्याच माणसाच्या मांडीवर बसून त्याचा चष्मा ओढत असतं. मुखदुर्बळाला सगळं कळतं पण ऐन वेळी तोंड उघडत नाही. अबोल म्हणजे नुसता कमी बोलणारा, आणि घुमा म्हणलं की त्यात थोडा संशय आला, हा मनात काहीतरी ठेवून आहे असा. शाळेने कार्डावर मराठी शब्द लिहावेत असं माझं म्हणणं नाही, तिकडे ते सगळ्यांना कळणार नाहीत. पण हे फरक आपल्या आज्यांना दिसत होते तर बीएड झालेल्या टीचरला दिसत नसतील असं मी मानत नाही. दिसतात. फक्त कार्डावर रिमार्कला एक ओळ असते, वर्गात मुलं भरपूर असतात, आणि सगळी कार्डं एका रात्रीत संपवायची असतात, त्यामुळे जो शब्द हाताशी आहे तो लिहिला जातो. टीचरवर माझा राग नाही, त्या एका ओळीवर आहे.

शिवाय ज्या गोष्टीत जवळजवळ निम्मा वर्ग बसतो ती लिहून माहिती तरी काय मिळते? अमेरिकेत स्टॅनफर्डला फिलिप झिम्बार्डो यांनी १९७० च्या दशकात लोकांना सरळ विचारलं होतं की तुम्ही स्वतःला शाय समजता का, तर सुमारे ४० टक्के हो म्हणाले, आणि आयुष्यात कधी ना कधी तसे होतो म्हणणारे ८० टक्क्यांच्या वर गेले. हे अमेरिकेत, जिथे आपल्याला वाटतं की सगळेच बिनधास्त बोलतात. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी तर चार महिन्यांच्या बाळांपासून सुरुवात केली, त्यांच्यापुढे रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले, नवा वास दिला, तेव्हा साधारण २० टक्के बाळं जोरात हातपाय झाडून रडली, आणि पुढे वाढल्यावर नवीन जागी, नवीन माणसांत बिचकण्याची शक्यता याच मुलांत जास्त दिसली. पण शक्यताच, त्यातली पुष्कळ मुलं मोठी होईपर्यंत चारचौघांसारखी झाली. म्हणजे ज्यात मुलाची काही चूक नाही आणि जे पुढे तसंच राहील याची खात्रीही नाही, ते आपण शाईने लिहून ठेवतो.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो शांघायच्या अभ्यासाने. तिथल्या शाळांमध्ये शिनयिन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मुलं बघितली तेव्हा लाजरी, सावध मुलं वर्गात आवडती होती, टीचर त्यांना चांगलं म्हणायचे. १९९८ मध्ये चित्र संमिश्र झालं. २००२ मध्ये त्याच शहरात तशीच मुलं एकटी पडलेली, टीचरच्या नजरेतून उतरलेली, जास्त उदास. बारा वर्षांत बाळं वेगळी जन्माला यायला लागली नव्हती, शहर बदललं होतं, बाजार खुला झाला, स्वतःला पुढे करणाऱ्याची किंमत वाढली. हे वाचताना मला इंदूरच दिसत होतं. आमच्या लहानपणी लोकमान्य नगरात, रामबागेत 'मुलगा शांत आहे हो' हे कौतुकाने सांगायचे, पाहुणे मान डोलवायचे. आज सुपर कॉरिडॉरला टीसीएस-इन्फोसिस आलं, भंवरकुआंला कोचिंगच्या पाट्यांत 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'च्या पाट्या मिसळल्या, आणि तेच वाक्य आता आई हळू आवाजात, माफी मागितल्यासारखं सांगते. मुलगा तोच आहे.

त्यात आपलं शहर बोलकं. पोह्यांच्या ठेल्यावर अनोळखी माणूस 'और भिया' करून सुरू होतो आणि जिलेबी संपेपर्यंत त्याच्या मेहुण्याच्या नोकरीपर्यंत पोचलेला असतो, रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत तर ऐकू येण्यासाठी ओरडावंच लागतं, आणि रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जो नाचला नाही त्याला लोक विचारतात तब्येत बरी नाही का. मला हे सगळं फार आवडतं, मी याच शहरात वाढले. पण अशा गावात गप्प मूल लगेच डोळ्यावर येतं, आणि मग प्रत्येक जण त्याला हलवून बघतो, 'काय रे, बोलत का नाही', 'मांजराने जीभ नेली का', आणि उत्तर द्यायला आईच पुढे होते, 'शाय आहे तो'. मुलासमोर. मूल ऐकतं आणि लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी कुणी काही विचारलं की बोलायची गरजच उरत नाही, कारण त्याच्यासाठी कारण तयार आहे.

आता भाषेचं, कारण माझ्या मते इथल्या मराठी मुलांच्या बाबतीत निम्मी गोष्ट ही भाषेचीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. इंदूरात होळकरांबरोबर आलेली मराठी घरं आहेत, नोकरीधंद्यासाठी नंतर आलेली आहेत, आणि अजून खूप घरांत मुलं आजीशी, आईबाबांशी मराठीतच बोलतात. दार उघडून खाली गेलं की हिंदी, तीही माळवी लहेज्याची, आणि सकाळी स्कूल बसमध्ये बसलं की इंग्लिश. तीन भाषा सांभाळणारं मूल मला तरी हुशार वाटतं. पण नर्सरीत किंवा शाळा बदलल्यावर ज्या भाषेत त्याला बोलायला लावतात ती त्याची तिसरी असते, आणि नवी भाषा शिकणारं मूल पहिले काही आठवडे, कधी काही महिने नुसतं ऐकतं, साठवतं, बोलत नाही, हे भाषा शिकवणाऱ्या लोकांना जगभर माहीत आहे. ते मूल त्या काळात कामात असतं. आपण त्याला शाय म्हणतो.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी जे मॅन्युअल वापरतात त्याच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणून एक निदान आहे, म्हणजे मूल घरी नीट बोलतं पण शाळेसारख्या ठिकाणी अजिबात बोलत नाही. तिथे अट घातलीय की हे निदान किमान एक महिना तसं चालल्याशिवाय करायचं नाही, शाळेचा पहिला महिना धरायचा नाही, आणि त्या जागेची भाषा मुलाला येत नसेल किंवा तिची सवय नसेल म्हणून ते गप्प असेल तरीही करायचं नाही. डॉक्टरांना एवढं थांबायला सांगितलंय. आपल्याकडे ऑगस्टच्या पहिल्या पेरेंट्स मीटिंगला शेरा तयार असतो.

अशाच एका मीटिंगला मी गेले होते. माझ्याकडची सहावीतली मुलगी, वडील टूरवर, आई म्हणाली ताई तुम्ही चला सोबत, मला इंग्लिशमध्ये काही विचारलं तर. शाळेचं नाव नको, आणि सांगायचं ते त्या शाळेपुरतं नाहीच. टीचरने कार्ड पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, 'शी इज व्हेरी शाय, बोलती ही नहीं.' मुलगी शेजारीच उभी, टेबलाच्या कडेचा सनमायका एका ठिकाणी निघालेला होता, तो नखाने उचलत होती. आणि तिची आई लगेच म्हणाली, 'हाँ मॅम, घर पे भी ऐसी ही है.' आता ही मुलगी घरी कशी आहे ते मला माहीत आहे, कॉलनीच्या गणपतीत थर्माकोल आणायचं नाही म्हणून ती नववी-दहावीच्या मुलांशी भांडली होती आणि कागदाचं मखर करायला लावलं होतं, अथर्वशीर्ष म्हणताना लहान मुलं चुकली की तीच थांबवते. मग आई असं का म्हणाली? कारण टीचरसमोर आईचीच जीभ उचलली नाही. मोठ्या शाळेच्या एसी खोलीत, इंग्लिश बोलणाऱ्या बाईंसमोर 'नाही मॅम, घरी ती खूप बोलते' एवढं वाक्य म्हणायची तिला भीड पडली, होला हो म्हणणं सोपं गेलं. स्कूटरवर परत येताना मुलगी एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी माझ्याकडे वही उघडून बसली आणि मान वर न करता म्हणाली, 'काकू, आई खोटं बोलली.'

त्या एका वाक्यात टीचरला हवी असलेली सगळी माहिती होती. मूल घरी बोलतं, मराठीत बोलतं, भांडतंसुद्धा, इथे बोलत नाही, तर इथे काय वेगळं आहे ते शोधायला हवं. 'शाय' या शब्दाने तो शोध सुरू व्हायच्या आधीच संपला.

आणि शोधलं तर उपाय काही फार अवघड नाहीत, पैसे तर अजिबात लागत नाहीत. १९७० च्या दशकात अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी वर्गांतल्या टेप ऐकून मोजलं की टीचर प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबतात. सरासरी सुमारे एक सेकंद. एक सेकंदात कुणी बोललं नाही तर टीचर स्वतः उत्तर देतात, प्रश्न बदलतात किंवा दुसऱ्याला उठवतात. मग त्यांनी टीचरना तीन सेकंद थांबायला शिकवलं, तर उत्तरं लांब व्हायला लागली, गप्प बसणं आणि 'माहीत नाही' कमी झालं, आणि जी मुलं एरवी हात वर करत नाहीत तीही बोलायला लागली. नुसतं थांबल्याने. आता जरा घड्याळ लावून बघा, प्रश्न विचारून तीन सेकंद गप्प राहणं टीचरला किती जड जातं, वर्ग हातातून जाईल असं वाटतं, पहिल्या बाकावरचा हुशार पोरगा तोवर 'मॅम मॅम' करत अर्धा उभा राहिलेला असतो. त्याला खाली बसवायचं आणि थांबायचं. त्या मराठीतून इंग्लिशमध्ये वाक्य नेणाऱ्या मुलाला जे हवं असतं ते एवढंच.

मी ट्यूशनमध्ये आधी कागदावर दोन ओळी लिहायला लावते, मग शेजारच्याला वाचून दाखवायच्या, मग सगळ्यांसमोर, आणि पहिल्यांदा मराठीत किंवा हिंदीत सांगितलं तरी चालेल, मग आपण मिळून त्याचं इंग्लिश करू. यात माझी काही खास युक्ती नाही, भाषा शिकवणारे कितीतरी लोक असंच करतात. ज्यांच्या कार्डावर शाय लिहिलं होतं ती मुलं अशा वेळी बोलतात, सगळी नाही, पण बरीच. जी बोलत नाहीत त्यांच्याकडे मग मला नीट बघता येतं, कारण आता भाषेची अडचण बाजूला झालेली असते.

दुसऱ्या बाजूनेही हल्ली एक शब्द आलाय, इंट्रोव्हर्ट. रील्स आहेत, टी-शर्ट आहेत, आणि आईबाप अभिमानाने सांगतात की आमचा इंट्रोव्हर्ट आहे, त्याला कुणी डिस्टर्ब करायचं नाही. शायपेक्षा हे बरं वाटतं ऐकायला, मुलाचा मान तरी राहतो. पण हे दोन्ही एक नाहीत. इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्ट ही जोडी कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये त्यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरच्या पुस्तकात मांडली, आणि ती माणसाचा ओढा कुठे आहे त्याबद्दल आहे, आत की बाहेर. लायब्ररीत मजेत बसणारी ती मुलगी त्यात बसते, तिला खरंच सोडून द्या. पण जिच्या पोटात कळा येतात तिला बोलायचंय, तिला मैत्रिणी हव्या आहेत, वाढदिवसाला जायचंय, आणि भीती जाऊ देत नाही. तिला इंट्रोव्हर्ट म्हणून एकटं सोडणं म्हणजे तिला त्या भीतीच्याच हवाली करणं, आणि वरून आपण समजूतदार पालक आहोत असं समाधान मिळवणं. याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण ही मुलं त्रास देत नाहीत, मार्क बरे असतात, त्यामुळे दहावी-बारावीपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही.

अशा भीतीला नाव आहे, सोशल अँग्झायटी, आणि १९८० पासून ती मानसोपचारात सोशल फोबिया म्हणून वेगळी नोंदली गेली आहे. सगळ्या बुजऱ्या मुलांना ती असते असं अजिबात नाही, आणि साध्या लाजण्याला आजार बनवून गोळ्या सुरू कराव्यात असंही माझं म्हणणं नाही. तिथेही निकष आहेत, साधारण सहा महिने किंवा जास्त टिकलेलं हवं, रोजच्या जगण्यात अडथळा हवा, आणि मुलांच्या बाबतीत तर फक्त मोठ्यांसमोर नाही, बरोबरीच्या मुलांमध्येही ती भीती दिसायला हवी. काकांना नमस्कार करताना लाजणारं पोर मैदानात मित्रांत ओरडत असेल तर ते ठीक आहे. पण मित्रांतसुद्धा गोठत असेल, डबा सगळ्यांसमोर उघडत नसेल, टॉयलेटला जाऊ का हे विचारायला घाबरून दिवसभर रोखून धरत असेल, तर कौन्सेलरकडे न्यायला हवं, बोलून, हळूहळू सराव करून होणारी उपचारपद्धत यावर चांगली चालते. टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन १४४१६ आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट आणि रात्रंदिवस. आपल्याकडे बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयाचं नाव काढलं तरी लोक गप्प होतात, त्यांना निदान हा फोन घरातून करता येईल.

मुलींचं तर आणखी वेगळं. मुलगी लाजरी असली की बारावीपर्यंत कौतुक, 'किती शांत आहे, मान वर करून बोलत नाही', स्थळ बघताना बायोडेटात 'शांत, मनमिळाऊ' लिहायचं, आणि तीच कॅम्पस प्लेसमेंटला ग्रुप डिस्कशनमध्ये बोलली नाही की 'कॉन्फिडन्स नाही हो तिच्यात'. बावीस वर्षं जे शिकवलं तेच एका दुपारी उणं ठरवलं. मुलांना याच्या उलट, पहिलीपासून 'मुलीसारखा काय लाजतोस', म्हणजे एका वाक्यात मुलाचाही अपमान आणि मुलींचाही. घरातल्या मोठ्यांनी हे थांबवावं, त्यासाठी शाळेच्या धोरणाची वाट बघायची गरज नाही.

मला लोक म्हणतात, हे सगळं ठीक आहे पण जग बोलणाऱ्याचं आहे, एमपीपीएससीचं, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं, ऑफिस इथे इंदूरातच आहे, जाऊन बघा इंटरव्ह्यूच्या दिवशी, यूपीएससीला एकूण २०२५ मार्कांपैकी २७५ इंटरव्ह्यूचे आहेत, तिथे कुणी तीन सेकंद थांबणार आहे का. हा आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. माझ्याकडची मुलं पुढे भंवरकुआंच्या लायब्रऱ्यांत दिवस दिवस बसतात, लेखी निघते आणि इंटरव्ह्यूला मागे पडतात, तेव्हा मलाही त्रास होतो. पण नीट बघा, चारचौघांत बोलणं हे शिकवता येतं, सरावाने येतं, आणि ज्याला लहानपणापासून 'तू शाय आहेस' सांगितलंय तो सरावालाच येत नाही, कारण त्याला वाटतं हे आपल्या रक्तातच नाही. सीबीएसईत बारावीच्या इंग्लिशला ८० चा पेपर आणि २० इंटर्नल असतात, त्या इंटर्नलमध्ये ऐकण्या-बोलण्याची तपासणी आहे, आणि मला ते पटतं, कारण तिथे उच्चार, ओघ, समोरच्याशी संवाद असं वेगवेगळं बघायचं असतं, कुठे कमी आहे ते मुलाला सांगता येतं. स्वभावाला मार्क नाहीत. शाळा एका कागदावर एवढं बारीक बघू शकते तर दुसऱ्या कागदावर एका शब्दात का उरकते?

अशा चर्चेत कुणीतरी गांधीजींचं उदाहरण देतंच, बघा एवढा लाजाळू माणूस केवढा मोठा झाला. त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहिलंय, विलायतेत शाकाहारी मंडळींच्या सभेत लिहून नेलेलं भाषणसुद्धा दुसऱ्याला वाचायला द्यावं लागलं, मुंबईत पहिल्या केसमध्ये उलटतपासणीला उभे राहिले आणि प्रश्नच सुचेना, खाली बसले, तीस रुपये फी परत केली. आणि हेच गांधीजी १९१८ मध्ये आणि पुन्हा १९३५ मध्ये आपल्या इंदूरात हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून बोलले. पण माझ्या सहावीतल्या मुलीवर मला गांधी व्हायचं ओझं टाकायचं नाही, तिने मोठं होऊन कुणीही नाही झालं तरी तिला नीट बघितलं जाण्याचा हक्क आहे. त्या आत्मकथेतली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, त्यांनी कुठेही आपला लाजरेपणा मोडून काढला म्हणून फुशारकी मारलेली नाही, उलट त्याला आपली ढाल म्हणलंय, त्यामुळे मोजकं बोलायची, शब्द तोलायची सवय लागली असं म्हणलंय.

तर मग कार्डावर लिहायचं काय? जे दिसलं ते. 'वहीत उत्तरं बरोबर लिहिते, वर्गात अजून सांगत नाही, दोघींच्या गटात बोलते.' 'नवीन आहे, अजून मित्र झाले नाहीत, शेजारी कुणाला तरी बसवून बघू.' 'तोंडी परीक्षेच्या दिवशी खूप घाबरतो, पालकांनी भेटावं.' प्रत्येक वाक्यात पुढे काय करायचं ते आलंय, आणि लिहायला शायपेक्षा अर्धा मिनिट जास्त लागेल. यासाठी एका ओळीची जागा तीन ओळींची करा, आणि टीचरना सगळी कार्डं एका रात्रीत भरायला लावू नका. पालकांनीही मीटिंगला जाताना एक वाक्य तयार ठेवावं, घरी हा किंवा ही कशी बोलते, कुणाशी, कोणत्या भाषेत, आणि ते हिंदीत सांगितलं तरी काही बिघडत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, रिपोर्ट कार्ड सर्व बाजूंनी बघणारं असावं असं म्हणलंय, त्यात टीचरबरोबर वर्गातल्या मुलांचं आणि स्वतः मुलाचंही मत असावं, आणि तशी होलिस्टिक प्रोग्रेस कार्डं तयारही झाली आहेत. त्यात मुलाने स्वतःबद्दल भरायचा जो भाग आहे तो आपल्या शाळांनी खरंच मुलाला भरू द्यावा, आईने घरी बसून चांगल्या इंग्लिशमध्ये भरून द्यायचा होमवर्क करू नये, आणि मुलाला जी भाषा येते तीत, मराठीत, हिंदीत, मोडक्या इंग्लिशमध्ये, लिहू द्यावा. त्या मुलीला मी विचारलं होतं की तुला लिहायला दिलं असतं तर काय लिहिलं असतंस. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, 'मला उत्तर येतं पण मॅम लगेच दुसऱ्याला विचारतात.'